विजापूरला निघण्याआधी

सोलापूर

चि. ओंकार,

दिवाळी आटोपली की शनिवार-रविवार साधून तुम्ही पाच मित्र गाडीने विजापूरला निघताय, असं तुझी आई फोनवर म्हणाली. तुझी यादीही तिने मला पाठवली. दीड दिवसात चौदा ठिकाणं! अरे, ही सहल आहे की पंचनामा? चौदातली अकरा खोड. इब्राहिम रोजा, गोल घुमट आणि मुलूखमैदान तोफ एवढी नीट बघा. जाता-येता जे दिसेल ते पदरात पडलं म्हणायचं.

आधी रस्त्याचं सांगते. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, तिथून विजापूर आणखी शंभर. रस्ता चांगला आहे आणि तीच त्याची खोड. या दिवसांत कारखाने सुरू होतात, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला आणि मागे दिवा असलाच तर नशीब. अंधारात शंभरच्या वेगात ती ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कार्तिकीच्या आसपास जात असाल तर टेंभुर्णीपासून पंढरपूरची गर्दी लागेल, कडेने चालत जाणारे वारकरी असतील. म्हणून शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर निघायचं खूळ डोक्यातून काढ. शनिवारी पहाटे पाचला निघा. गाडी दोघांनी आलटून पालटून चालवा, आणि शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही.

पैशांचं आधीच बोलून घ्या. पाचांत ज्याचा पगार सगळ्यात कमी, त्याला परवडेल असं हॉटेल बघा. त्याला मात्र हे कळता कामा नये.

सोलापूर सोडलं की टाकळीला भीमा ओलांडाल. पलीकडे पाट्या कानडी होतात, पण शेत तेच राहतं: काळी जमीन, वीतभर आलेला शाळू, मध्ये तुरीच्या ओळी. कागदोपत्री शहराचं नाव आता विजयपूर आहे, आम्ही सोलापूरकर विजापूरच म्हणतो. दुपारी एखाद्या खानावळीत जेवा. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, आणि मिळाली तर शेंगांची पोळी. तिथे जाऊन पिझ्झा शोधलात तर मला सांगू नका.

ऊन उतरलं की इब्राहिम रोजाला जा. मी आयुष्यभर पोरांना चित्रकला शिकवली, म्हणून असेल, पण माझ्या मते विजापुरातली सगळ्यात देखणी वास्तू हीच. 1627 मध्ये वारलेल्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर इथे आहे. खिडक्यांच्या जाळ्या बघ. नक्षी नाही ती, अक्षरं आहेत. दगड कोरून अक्षरांचीच जाळी केली आहे, आणि आतला उजेड त्या अक्षरांमधून येतो. तुझा हात शाळेत चांगला होता. फोन खिशात ठेव आणि अर्धा तास बसून त्यातली एक खिडकी वहीत काढ. फोटो कितीही काढलेस तरी रेघ कुठे वळते ते डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतं.

हा राजा गाणारा होता. ‘किताब-ए-नौरस’ नावाचा गीतांचा ग्रंथ त्याने दख्खनी भाषेत रचला. त्यात पैगंबर आहेत, सूफी संत गेसूदराज आहेत, तशीच सरस्वती आणि गणपतीही आहेत. आतिशखान हा त्याचा लाडका हत्ती आणि मोतीखान हा लाडका तंबोरा, त्या दोघांवरही गीतं आहेत. तंबोऱ्याला खान म्हणणारा माणूस मला तरी आवडतो.

हे मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या गाडीत कोणी तरी अफजलखानावरून सुरू होईल, वाटाड्याही तेच विकेल. साठ कबरीला नेऊन खानाने आपल्या बायका कशा मारल्या ते रंगवून सांगेल. ती दंतकथा आहे, ऐकायची तर तशी ऐका. पण सगळं शहर त्या एका माणसाच्या नावावर लिहून मोकळे होऊ नका. शहाजीराजे याच आदिलशाही दरबाराचे सरदार होते. आता मुलूखमैदान घे. 1549 साली अहमदनगरला ती ओतली, मुहम्मद बिन हसन रूमी याने. वजन पंचावन्न टनांच्या घरात, तोंडाशी जबडा वासलेलं श्वापद आणि त्याच्या दाढेत हत्ती. ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. तिथून विजापूरला आणण्याचं श्रेय मुरारपंतांना देतात, म्हणजे मुरार जगदेव. तुमचं पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला असं ज्यांच्याबद्दल आपण शाळेत शिकतो, तेच हे. आता यात आपला कोण आणि परका कोण, ते त्या तोफेजवळ उभे राहून तुम्ही पाच जणांनी ठरवा. मला ठरवता आलेलं नाही. 1686 मध्ये औरंगजेबाने शहर घेतलं आणि तोफेवर आपलाही लेख कोरवून घेतला. पुढे इंग्रजी अमलात, 1854 मध्ये ती भंगारात निघाली होती. बोली आली अवघी दीडशे रुपयांची, म्हणून ती वाचली.

गोल घुमट रविवारी सकाळी, दार उघडताच. नऊनंतर शाळांच्या सहली येतात. मी स्वतः पोरांच्या रांगा घेऊन तिथे गेले आहे, त्यामुळे तो गोंगाट काय असतो ते मला विचार. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढून वर गॅलरीत जायचं. तिथे लोक शिट्ट्या मारतात, एकमेकांच्या नावाने ओरडतात, आणि मग प्रतिध्वनींचा नुसता कालवा होतो. तुम्ही ओरडू नका. एकाने भिंतीला तोंड लावून हलकेच बोलायचं, दुसऱ्याने समोरच्या टोकाला भिंतीला कान लावायचा. मध्ये आतल्या मापाने अडतीस मीटरच्या आसपास पोकळी आहे, तरी शब्द न शब्द पोचतो.

मग खाली या आणि मान वर करा. एवढ्या घुमटाखाली एकही खांब नाही. खालची खोली चौकोनी, वरचा घुमट गोल. मधल्या जागेत एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी आहेत, त्या चौकोनाचा हळूहळू गोल करतात आणि ओझं भिंतींवर उतरवतात. तुमच्यात एक जण सिव्हिलचा आहे ना? त्याला कागदावर काढून समजावायला लाव, चारही वर्षांची फी वसूल होईल. 1656 मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. त्याच्या शेजारी बायका, मुलगी, नातू, आणि दरबारातली नर्तकी रंभाही आहे. वर दिसतात ती नुसती चिन्हं, खऱ्या कबरी खाली तळघरात. तिथे चपला काढा आणि सेल्फी काढू नका.

वेळ उरला तर बारा कमान बघा, दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर. गोल घुमटाच्या वरताण काही करायचं त्याच्या मनात होतं म्हणतात. नुसत्या काळ्या कमानी उभ्या आहेत, वर आभाळ.

दुपारी तीनला तिथून निघा, म्हणजे दिवसाउजेडी सोलापुरात पोचाल. रविवारी रात्री पुढे पुण्याला जायचं नाही, हे मी विचारत नाहीये, सांगतेय. सोमवारची अर्धी रजा टाका. वरच्या खोलीत पाच गाद्या होतात. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून ठेवते. कोणाला तिखट चालत नाही ते तेवढं शुक्रवारपर्यंत कळव, आणि सिव्हिलवाल्याने काढलेला कागद घेऊन ये. मला बघायचा आहे.

तुझी,
आत्या