बिलावर नको, निदानावर बोला

दुरुस्तीचं बिल फार आलं, एवढीच तक्रार घेऊन गेलं तर वर्कशॉपमध्ये कुणी दाद देत नाही. पार्टची किंमत छापील असते, मजुरीचे दर ठरलेले असतात. विचारायचं ते वेगळंच: हा पार्ट बदलायलाच हवा, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? माझं सगळं प्रकरण या एका प्रश्नावर फिरलं.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला माझ्या डिझेल गाडीचा दम गेला. इंजिनचा दिवा लागला, मागे काळा धूर आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी पिकअप नाही. पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपने स्कॅनर लावला, पी०२९९ हा कोड आला आणि ‘टर्बो गेला’ असं सांगण्यात आलं. टर्बो, ऑइल, मजुरी, कर धरून बिल झालं ७८,००० रुपये. पुढच्या वेळी घाट चढताना तोच दिवा, तोच धूर.

पी०२९९ चा अर्थ एवढाच, की टर्बोमधून इंजिनला जितक्या दाबाने हवा मिळायला हवी तितकी मिळत नाही. का मिळत नाही, ते कोड सांगत नाही. टर्बो खराब असेल, त्याचा ॲक्च्युएटर अडकला असेल, दाबाचा सेन्सर चुकीचं दाखवत असेल, नाहीतर दाबलेली हवा वाटेतच गळत असेल. थर्मामीटरने ताप कळतो, रोग कळत नाही. गळती शोधायला फार वेळ लागत नाही आणि खर्चही किरकोळ. सगळ्यात महाग पार्टला हात घालण्याआधी ती तपासणी व्हायलाच हवी होती. माझ्या जॉब कार्डवर तिचा उल्लेखही नव्हता.

गाडी मी दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथल्या मेस्त्रींनी हवेच्या पाइपांमध्ये धूर सोडला. इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगाला ऑइलचा ओला, काळा पट्टा होता आणि धूर नेमका तिथून बाहेर आला. वरून पाइप धडधाकट दिसत होता. मेस्त्रींनी तो दोन्ही हातांनी वाकवला तेव्हा बोटभर लांबीची चीर उघडली. मग मी मागून घेतलेला जुना टर्बो त्यांनी पाहिला. दांडा बोटाने फिरवला, बाजूला हलवून पाहिला. पंखा सहज फिरत होता, पाती कुठेही घासलेली नव्हती. “साहेब, हा काढायचं काही कारणच नव्हतं,” ते म्हणाले.

अशा वेळी ‘टाका नवा पाइप आणि मोकळे व्हा’ असं वाटतं. कृपा करून तसं करू नका. पाइप बदलला की पुरावाही गेला. पहिल्या वर्कशॉपला आधी ईमेल करा: बिघाड हा निघाला आहे, येऊन पाहा, अमुक तारखेनंतर दुरुस्ती करून घेणार आहे. गाडीचा नंबर आणि किलोमीटरचं रीडिंग दिसेल असा व्हिडिओ काढा. दुसऱ्या मेस्त्रींकडून सही-शिक्क्यासह लेखी अभिप्राय घ्या. एका गॅरेजविरुद्ध दुसरं गॅरेज लिहून द्यायला कचरतं, हे खरं. मग परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअरकडून अहवाल घ्या. तज्ज्ञाचं लेखी मत नसलं, की पुढे सगळं ‘तुमचं म्हणणं, त्यांचं म्हणणं’ यावर अडतं.

गाडी अजून वर्कशॉपमध्येच असेल आणि संशय आला असेल, तर पैसे अडवून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार, केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत दुरुस्त करणाऱ्याला वस्तू ठेवून घेता येते. ‘बिल मान्य नाही, आक्षेप नोंदवून रक्कम भरत आहे’ असं बिलाच्या प्रतीवर लिहा, तेच ईमेलने कळवा आणि गाडी ताब्यात घ्या. रोख रक्कम देऊ नका.

माझ्याकडे जॉब कार्ड, व्हिडिओ, जुना टर्बो आणि मेस्त्रींचा अभिप्राय होता. व्यवस्थापकांसमोर हे सगळं मांडून विचारलं, “गळती तपासल्याची नोंद दाखवा.” नोंद नव्हतीच. त्यांनी पूर्ण मजुरी आणि टर्बोच्या किमतीतला मोठा भाग परत केला.

तिथे दाद मिळाली नसती तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, ही वाट होतीच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

आणि एक विनंती. काही पार्ट जुना परत देण्याच्या अटीवरच मिळतात, तेव्हा एस्टिमेटवर सही करण्याआधीच ‘जुना पार्ट मला दाखवल्याशिवाय पाठवू नये’ असं त्यावर लिहून घ्या.