चिंतेची वही कुठे मिटायची

घरच्या घरी सीबीटी करायची असेल, तर वही-पेन काढण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन या, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. छातीत धडधडणं, हात थरथरणं, घाम फुटणं, झोप उडणं ही चिंतेची लक्षणं आहेतच. पण थायरॉइडचं काम वाढलं तरी हेच होतं, हिमोग्लोबिन फार खाली गेलं तरी धडधडतं, आणि दिवसभर चहा-कॉफी पिणाऱ्यांनाही हा त्रास होतो. तेव्हा ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात. डॉक्टर 'सगळं नॉर्मल आहे' म्हणाले, की परत परत करू नयेत. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा फार अवघड आहे.

माझा त्रास लोकलमध्ये सुरू झाला. सकाळची फास्ट, लेडीज डबा भरलेला. आमची ही गाडी ठाणे सुटलं की थेट घाटकोपरला थांबते. मुलुंड मागे पडलं आणि अचानक छाती आवळल्यासारखी झाली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर वाटायला लागले. आता आपण संपलो, असं खात्रीने वाटलं. घाटकोपरला उतरून रिक्षाने दवाखान्यात गेले. ईसीजी स्वच्छ आला. 'टेन्शन घेऊ नका' एवढाच सल्ला मिळाला. टेन्शन कसं घ्यायचं नाही, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

मग मी वाचायला लागले. सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धत. फिलाडेल्फियाच्या डॉ. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना तिची मांडणी केली. त्याच्या थोडं आधी न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ पद्धत सुरू केली होती. मराठी वाचकाला एलिस जास्त जवळचे आहेत, डॉ. कि. मो. फडके, अंजली जोशी, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लिखाणातून ते आपल्याकडे घरोघरी पोचले. हे सगळं वाचून मी हाती घेतली ती विचारनोंद. वहीत रकाने आखायचे आणि मनात आलेला विचार पुराव्यावर तपासायचा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

प्रसंग: सकाळची फास्ट, मुलुंडच्या पुढे. विचार: हार्ट अटॅक येतोय. भीती: शंभरात नव्वद. बाजूचा पुरावा: धडधड, डाव्या हाताला मुंग्या. विरुद्ध पुरावा: ईसीजी नॉर्मल, रोज तीन जिने चढते, हेच आधीही झालं होतं आणि काही झालं नाही. पर्यायी विचार: ही घबराट असावी. भीती: चाळीस.

नोंद चांगली आहे, आजही मी तिच्यात काही बदलणार नाही. नव्वदावरून चाळीसवर भीती आली, ती खरोखरच आली. पण त्याच रात्री नवा विचार उभा राहिला: ईसीजी तर गेल्या महिन्यातला आहे, त्यानंतर काही झालं असेल तर? त्याची नोंद केली. मग त्या नोंदीवर शंका आली, तीही लिहिली. बघता बघता रोज संध्याकाळी पानंच्या पानं भरायला लागली. वही पर्समध्ये आली. प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या मी पुरावे वाचून घ्यायची आणि मगच गाडीत चढायची. एकदा वही घरी राहिली, तेव्हा मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरले.

चिंतेला हवी असते शंभर टक्के खात्री, आणि ती मिळवण्यासाठी ती हाती येईल ते साधन वापरते. उपचाराचं साधनही त्यातून सुटत नाही. वही विचार तपासण्यासाठी असते, दिलासा मिळवण्यासाठी नाही. हा फरक लिहिताना दिसत नाही, कारण दोन्ही वेळी रकाने तेच असतात. ओळखायची खूण अशी: एकाच विचाराची नोंद तुम्ही तिसऱ्यांदा करत असाल आणि लिहिल्यावर मोकळं वाटून तासाभरात पुन्हा लिहावंसं वाटत असेल, तर ती नोंद आता आजाराच्या कामाला लागली आहे. तिथे वही मिटायची.

मिटून करायचं काय, हे मला ठाण्याच्या एका समुपदेशक बाईंनी शिकवलं. पहिल्याच भेटीत त्यांनी वही चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "गाडीत बसल्यावर स्वतःला वाचवायला तुम्ही काय काय करता?" मी म्हटलं, काहीच नाही. मग एकेक निघत गेलं. फास्ट सोडून स्लो पकडते, कारण ती दर चार-पाच मिनिटांनी थांबते. दाराजवळ उभी राहते, म्हणजे लगेच उतरता येईल. पाण्याची बाटली हातात. पर्समध्ये कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर. बोटाला लावून नाडी बघते. जिभेखाली ठेवायची गोळी, डॉक्टरांनी न सांगता बाळगलेली. भांडुप गेलं की नवऱ्याला फोन. आणि वही.

या यादीत आजाराचं सगळं बळ होतं. १९८६ साली डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने पॅनिकचं जे चक्र मांडलं, ते इथे समजून घ्यायला हवं. शरीरात काहीतरी जाणवतं, समजा धडधड. मन त्याचा अर्थ लावतं, हार्ट अटॅक. त्या अर्थाने भीती वाढते, ॲड्रेनलिन उसळतं, धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड हाच पुरावा ठरतो. भीतीने श्वास जोरजोरात चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं. माझ्या डाव्या हाताच्या मुंग्या अशा आल्या होत्या. आता प्रश्न असा की इतक्या वेळा काही झालं नाही, तरी मनाची खात्री का पटत नाही? कारण मन श्रेय दुसऱ्यालाच देतं. 'दाराजवळ होते म्हणून वाचले', 'नवऱ्याशी बोलले म्हणून निभावलं'. पॉल साल्कोव्स्किस यांनी या सवयींना सुरक्षा-वर्तन म्हटलं. ती सुटेपर्यंत विरुद्ध पुराव्याचा रकाना कितीही भरला, तरी मनाला तो पटत नाही.

म्हणून घरी सीबीटी करणाऱ्याने वेळ आणि जिद्द घालवायची ती इथे. एलिस यांनी स्वतःची एक हकीकत अनेकदा सांगितली आहे. एकोणीस वर्षांचे असताना ते मुलींशी बोलायला प्रचंड घाबरत. तेव्हा ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी स्त्री दिसली की जाऊन बसायचं आणि एका मिनिटात बोलायला सुरुवात करायची, असं त्यांनी ठरवलं. शंभर जणींशी ते बोलले. भेटायचं एकीनेच कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. विवेकाचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाची भीतीही बाकावर जाऊन बसल्यावरच गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आमचा पहिला प्रयोग गाडीत नव्हता. बाईंनी मला त्यांच्यासमोर मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावलं. आधी भाकीत लिहून घेतलं: 'मी बेशुद्ध पडेन, खात्री ऐंशी टक्के.' मिनिटभराने तेच सगळं झालं, मुंग्या, बधिर ओठ, गरगर. फक्त मी बेशुद्ध पडले नाही. त्यांनी सांगितलं की घबराटीत रक्तदाब सहसा वाढतो आणि बेशुद्ध पडायला तो खाली यावा लागतो. रक्त किंवा सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी. हे ऐकून जेवढं पटलं त्याहून शंभर पटीने ते मिनिटभर करून पटलं. एक सावधगिरी मात्र पाळा. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

मग उतरंड लावली. सगळ्यात सोपं खाली, सगळ्यात अवघड वर. स्लो गाडीत दारापासून आत जाऊन बसणं. ऑक्सिमीटर घरी ठेवणं. भांडुपचा फोन बंद. मग गोळी, पाण्याची बाटली. शेवटी फास्ट. प्रत्येक पायरीआधी दोनच ओळी लिहायच्या: काय होईल असं वाटतं, आणि किती खात्री आहे. उतरल्यावर दोन ओळी: प्रत्यक्षात काय झालं, आणि त्यातून काय कळलं. वहीचा एवढाच उपयोग ठेवला.

फास्टच्या दिवशी मी लिहिलं होतं, 'विक्रोळीच्या आत पडेन, लोक साखळी ओढतील, खात्री पंच्याऐंशी.' आत मधल्या जागेत उभी होते, दोन्ही बाजूंनी बायका. मुलुंड गेलं आणि धडधड सुरू झाली. नाडी बघायला बोट मनगटाकडे गेलं, मी हात वर करून कडी धरली. भांडुप, कांजूर, विक्रोळी. धडधड कमी झाली नाही. शेजारची बाई कडेवरच्या लेकराला बिस्कीट भरवत होती, ते मी बघत राहिले. घाटकोपर आलं तेव्हाही भीती सत्तर होती. मला वाटलं, प्रयोग फसला. बाई म्हणाल्या, "भाकीत काय होतं? भीती उतरेल असं होतं का?" नव्हतं. भाकीत पडण्याचं होतं, आणि मी पडले नव्हते. ही गोष्ट मी ठासून सांगते, कारण घरी करणारे बरेच जण इथेच सोडून देतात. भीती त्याच वेळी उतरलीच पाहिजे असं नाही. भीती असतानाही जे होईल असं वाटत होतं ते झालं नाही, हा धडा मनाला पुन्हा पुन्हा मिळाला पाहिजे. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गाड्यांत, गर्दीत आणि गर्दी नसताना.

दीर्घ श्वासाबद्दलही बोलायला हवं, कारण सगळे तोच सल्ला देतात. रात्री झोपताना सावकाश श्वास घेणं चांगलंच आहे. पण 'आता श्वास सांभाळला नाही तर काहीतरी होईल' म्हणून गाडीत घेतलेला श्वास ऑक्सिमीटरच्याच माळेतला मणी आहे. रोज मूड नोंदवायला लावणारी मोबाइल ॲप्सही जपून वापरा. चिंता मोजायची जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली आहे, गुण शून्य ते एकवीस. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटा. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. दर संध्याकाळी भरू नका.

घरच्यांना यात घेतल्याशिवाय हे निभत नाही. 'मला काही होणार नाही ना?' असं मी नवऱ्याला दिवसातून कितीदा विचारत असेन, आणि तो बिचारा प्रेमाने दर वेळी 'नाही गं' म्हणायचा. ते प्रेमच भीतीला खतपाणी घालत होतं. शांत असताना दोघांनी बसून उत्तर ठरवलं: "याचं उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो." पहिले काही दिवस मला ते दुष्टपणाचं वाटलं, मी चिडले, रडले. तो बसून राहिला. नातेवाइकांनो, एवढं कराच. टोमणा नको, 'नाटकं करू नकोस' नको, पण खात्रीही देऊ नका.

ज्यांची चिंता एका जागी नसते, मुलं, पैसे, सासूबाईंची तब्येत अशी दिवसभर फिरत असते, त्यांना उतरंडीपेक्षा काळजीची ठरलेली वेळ जास्त उपयोगी पडते. संध्याकाळी अर्धा तास, रोज एकाच जागी, अंथरुणात मात्र नाही. दिवसा काळजी आली की एका शब्दात टिपायची आणि त्या वेळेवर ढकलायची. वेळ झाली की चिठ्ठी बघायची: याबाबत उद्या काही करता येईल का? येत असेल तर काय ते ठरवायचं. नसेल तर ती तशीच राहू द्यायची. माझ्या बहिणीला याने झोप मिळाली.

काही गोष्टी एकट्याने करायच्याच नाहीत. जगणं नको वाटत असेल, अत्याचार किंवा अपघाताच्या आठवणी डोळ्यांसमोर येत असतील, पुन्हा पुन्हा हात धुणं किंवा तपासणं थांबत नसेल, दारूवाचून चिंता आवरत नसेल, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा. गोळ्या चालू असतील तर सीबीटी जमायला लागली म्हणून मनाने बंद करू नका. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या अचानक सोडणं धोक्याचं असतं. आणि सगळं एकट्याने करण्यापेक्षा आठवड्या-पंधरवड्याने कोणी जाणकार वही बघणारा असेल, तर गुण चांगला येतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतही चिंतेसाठी मार्गदर्शकासह स्वयंमदत हीच आधीची पायरी धरतात.

तेव्हा सुरुवात जरूर घरी करा. पण महिना-दीड महिन्याने वहीची पानं मोजू नका, टाळलेल्या गोष्टींतली कुठली परत सुरू झाली ते बघा. एकही झाली नसेल तर एकट्याने रेटत बसू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.