दोन दीर्घिकांमधला काळोख

प्रश्न : एम ८१ ही सर्पिल दीर्घिका फोटोत एकटी, सुटी दिसते. पण ती शेजारणींशी हायड्रोजनच्या धाग्यांनी जोडलेली आहे, असं वाचलं. जो वायू फोटोत येत नाही, तो आहे हे कळतं कसं?

उत्तर : आधी ही दीर्घिका स्वतः पाहा. सप्तर्षींमधल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेघ ओढा आणि तेवढीच पुढे न्या. एप्रिलमधल्या काळोख्या रात्री साध्या द्विनेत्रीतून तिथे दोन पुसट ठिपके सापडतात : गोलसर एम ८१ आणि काडीसारखी एम ८२. योहान बोडे यांना त्या १७७४ साली दिसल्या. आपल्यापासूनचं अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं. दोघींच्या मधे नुसता काळोख.

या काळोखातला हायड्रोजन थंड आहे. त्याला तापवायला जवळ तरुण तारे नाहीत, म्हणून तो डोळ्यांना दिसेल असा प्रकाश देत नाही. पण हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची फिरकी एका दिशेला असली, तर ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की ही वरकड ऊर्जा २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर होऊन बाहेर पडते. एकटा अणू असं करायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षं लावतो! इतक्या आळशी अणूवर कोण विसंबणार? पण एम ८१मध्ये शंभर कोटी सूर्यांच्या वजनाहून जास्त हायड्रोजन आहे, त्यामुळे कोणता ना कोणता अणू सतत उलटतच असतो. ही लहर असणार, हे हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ साली कागदावर मांडलं; १९५१ साली हार्वर्डमध्ये यूएन आणि पर्सेल यांनी ती पकडली.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत २७ तबकड्यांची व्हीएलए ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यातून युन, हो आणि लो यांनी हा सगळा परिसर पाहिला आणि १९९४ साली नकाशा छापला. त्यात एम ८१, एम ८२ आणि तिसरी एनजीसी ३०७७ वायूच्या लांबलचक पट्ट्यांनी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. वीस-तीस कोटी वर्षांपूर्वी त्या एकमेकींजवळून गेल्या, तेव्हा गुरुत्वाकर्षणाने ओढून काढलेला हा वायू. एम ८२मध्ये आज तारे धडाधड जन्मताहेत, त्याचंही मूळ त्याच ओढाताणीत आहे. माझ्या मते या तिघींची खरी ओळख हा नकाशाच करून देतो. फोटो कितीही देखणा असला तरी.

नकाशात वेगही असतो. स्थिर अणूची लहर १४२०.४ मेगाहर्ट्झवर येते. वायू आपल्याकडे येत असेल तर कंप्रता वाढते, दूर जात असेल तर घटते. सेकंदाला एक किलोमीटर वेगामागे जवळजवळ पाच किलोहर्ट्झ. त्यावरून एम ८१ची कोणती बाजू आपल्याकडे वळतेय, ते कळतं.

इथेच एक खोडा आहे. एम ८१ आपल्याकडे सेकंदाला जेमतेम ३४ किलोमीटर वेगाने येते. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचे वेगही याच पट्ट्यात पडतात, म्हणून आपल्याच अंगणातला धूर त्या चित्रात मिसळतो. तेवढ्या कंप्रतांवरचा वायू कोणाचा, हे ठरवताना अभ्यासकांना बरीच चाळणी लावावी लागते.