ते देणं कोणाच्या नावावर?

आजचा शास्त्रभाग : फिलेमोन १:८-२१



फिलेमोनाला लिहिलेलं पत्र म्हणजे अवघी २५ वचनं. चहा गार व्हायच्या आत वाचून होतं. म्हणूनच की काय, आपण ते उलटून थेट इब्री पत्राकडे जातो. मीही तेच करायचो.

अनेसिम हा फिलेमोनाचा दास. मालकापासून तो दूर गेला आणि बंदिवासातल्या पौलाजवळ पोहोचला. तिथे त्याने ख्रिस्तावर विश्वास ठेवला. ‘अनेसिम’ या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘उपयोगी’, आणि ११व्या वचनात पौल त्यावर चक्क कोटी करतो : हा आधी तुझ्या काही कामाचा नव्हता, आता मात्र तुझ्याही कामाचा आणि माझ्याही.

बदल कुठे दिसतो? मला वाटतं, अनेसिमच्या पायांत. तो परत निघाला. कलस्सैकरांस पत्र ४:९ वाचलं तर कळतं, सोबत तुखिक होता. तरी जायचं होतं त्याच घरी, त्याच मालकासमोर. पळालेल्या दासाला रोमी जगात कठोर शिक्षा होऊ शकत होती. ‘मी आता नवा मनुष्य आहे, जुनं विसरा’ म्हणून तो पौलाजवळच राहू शकला असता. पौलालाही तो हवाच होता (वचन १३).

(दासप्रथेला पौल सरळ ‘चूक’ का म्हणत नाही, हा प्रश्न तुमच्यातले बरेच जण विचारतात. मलाही पडतो. पण ‘दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घे’ हे १६वं वचन मंडळीसमोर वाचलं गेल्यावर त्या घरात जुना हुकूम सोडणं फिलेमोनाला किती जड गेलं असेल, विचार करा.)

आता १८वं वचन. त्याने काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या नावावर घाल, असं पौल म्हणतो. आणि १९व्यात स्वतःच्या हाताने लिहून देतो की मी फेडीन.

इथे मी अडकलो. गेल्या वर्षी एका शुक्रवारी रात्री आमचं रिलीज होतं. टीममधल्या ज्युनिअरने बदल केला होता, रिव्ह्यू माझ्याकडे. मी फाइल न उघडताच अप्रूव्ह केलं, कारण मला घरी जायचं होतं. शनिवारी सकाळी सिस्टिम बंद. कॉलवर मॅनेजरने विचारलं, आणि मी म्यूटवर राहिलो. रिपोर्टमध्ये एकच नाव गेलं, त्या पोराचं. नोकरीला लागून सहा महिने झाले होते त्याला.

रविवारी मी प्रभुभोजन घेतलं. हे लिहिताना अजून लाज वाटते.

मंगळवारी सकाळी वाचनात हे पत्र आलं. आधी वाटलं, मी अनेसिम आहे, माझं देणं प्रभूने वधस्तंभावर फेडलं. खरंच आहे ते. पण मग दिसलं की पौलाने जे केलं त्याच्या बरोबर उलट मी केलंय : माझं देणं दुसऱ्याच्या हिशोबात टाकलंय.

दुपारी मॅनेजरला सांगितलं, रिपोर्ट बदलून घेतला. तो काही खूश झाला नाही. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये ते आलंच. ज्युनिअरला कॅन्टीनमध्ये गाठून माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे, दादा.” त्यानंतर कितीतरी आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मला ते समजतं. शनिवारच्या कॉलवर तो एकटा होता.

फिलेमोनाने पुढे काय केलं, हे पत्रात नाही. २२व्या वचनात पौल फक्त म्हणतो, माझ्यासाठी राहायची सोय करून ठेव. म्हणजे तो येऊन बघणार होता!

प्रार्थना : प्रभू येशू, माझं देणं तू घेतलंस. आज ज्याच्याकडे मला परत जायचं आहे, त्याचं नाव मला माहीत आहे. चालायला बळ दे. आमेन.