भाकर सोडू नकोस, मोजून खा

पांढुर्णा,
श्रावण वद्य दशमी

चि. भाचीबाईस,


काल सौंसरहून तुझ्या आईचा फोन आला. पोळ्याला येतेस हे ऐकून बरं वाटलं, पण "मावशीला सांग, माझ्यासाठी पोळी टाकू नको, मी पोळी-भाकर सगळं बंद केलं" हा निरोप ऐकला आणि जीव खालीवर झाला. तीन आठवडे झाले म्हणे. सकाळी काकडी, दुपारी दोन उकडलेली अंडी, रात्री वाटीभर सूप. वजन चार किलो उतरलं. पण चिडचिड वाढली आहे, रात्री झोप येत नाही आणि बोरगावला कामावर उभ्या उभ्या चक्कर आली, हेही आईनं सांगितलं. फोनवर बोलले असते तर "हो मावशी" म्हणून तू ठेवून दिला असतास. म्हणून लिहायला बसले.

वजन कमी करायचं ठरवलंस हे चांगलंच केलंस. आपल्या आजीला साखर होती, तुझ्या मामाला चाळिशीतच गोळ्या लागल्या. तू आत्ताच जागी झालीस याचं मला कौतुक आहे. फक्त दोष भाकरीच्या माथी मारलास, तो मला पटत नाही.

बेचाळिसाव्या वर्षी मीही हेच केलं होतं. दोन महिने पोळी-भाकरीला हात लावला नाही. घरातल्या सगळ्यांना गरम गरम वाढायची आणि आपण कोशिंबीर घेऊन बसायची. मग चार वाजता चहाबरोबर दोन टोस्ट, सहाला मूठभर शेव, सगळे निजल्यावर डब्यातला चिवडा. भाकर सोडल्यापासून डोक्यात दिवसभर भाकरच असायची आणि पोट जे हाताला लागेल ते मागायचं. दिवाळीपर्यंत वजन होतं तिथं आलं, वर दोन किलो चढलं.

मग मी स्वयंपाकघरात काटा आणला. भाकरीचा उंडा त्यावर ठेवला, 110 ग्रॅम भरला. त्यात पीठ 60 ग्रॅम, बाकी पाणी. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 330 च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे माझी एक भाकर 200 ची. फुलक्याला पीठ 25 ग्रॅम लागतं, तो 80-85 चा. नंतर भाकरीवर मी रोज घालते तेवढं तूप वाटीत काढून मोजलं. 25 ग्रॅम निघालं. तुपाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, म्हणजे 225. ज्या भाकरीला मी दोन महिने दूर ठेवलं, तिच्यापेक्षा तिच्यावरचं तूप जड होतं! त्या दिवसापासून दुपारी एक भाकर, रात्री दोन फुलके, तूप लहान चमचाभर, आणि टोस्ट-शेव घरात आणणं बंद. आठ महिन्यांत सहा किलो उतरले आणि ते परत चढले नाहीत.

आजी तीन-तीन भाकरी खायची, तरी काडीसारखी होती, असं तू एकदा म्हणाली होतीस. खरं आहे. पण तिनं विहिरीचं पाणी शेंदलं, दिवसभर कापूस वेचला, शेतात जाऊन-येऊनच कोसभर चालणं व्हायचं. तू आठ तास खुर्चीवर असतेस. भाकर तीच आहे, दिवस बदलला, म्हणून तिच्या तीन तुझ्यासाठी एक-दीड होतात. शून्य होत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शिका काढली, तीही हेच सांगते की दिवसाच्या कॅलरीपैकी धान्यातून 45 टक्क्यांपर्यंत याव्यात. आपल्याकडे त्या निम्म्याहून जास्त येतात. तू दिवसाला 1500 कॅलरी धरल्यास तर धान्याचा वाटा 675 चा झाला. भात, पोहे सगळं त्यातच धरायचं. एका भाकरीला आणि दोन फुलक्यांना त्यात ऐसपैस जागा आहे. उरलेलं ताट वरणानं आणि अंबाडी, मेथी, चवळीच्या भाजीनं भर. आधी भाजी-वरण खायला घे, भाकर मागून. भूक अर्धी भागलेली असते, मग एकच पुरते.

काटोलजवळच्या आजनगावात जन्मलेल्या डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव तू ऐकलं असशील. वजनावर ते व्याख्यानं देत, आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तोच विचार महाराष्ट्रभर नेला. दिवसातून दोनदाच जेवा, मधलं चरणं थांबवा, रोज चाला. तुला दोन वेळांचं जमेल का, ते डॉक्टरांना विचारून ठरव, चक्कर येत असताना तर नक्कीच विचार. पण एवढं बघ, की त्यांचा सगळा जोर अधूनमधून तोंडात टाकणं थांबवण्यावर आहे. ताटातल्या भाकरीला त्यांनीही हाकललं नाही.

आईला तू विचारलंस की ब्रेड चालेल का. घाईच्या सकाळी दोन तुकडे अंड्याबरोबर खाल्लेस तर काही बिघडत नाही. पाकिटाच्या मागची यादी मात्र वाच. जो घटक वजनानं जास्त, तो आधी लिहिलेला असतो. पहिलं नाव मैदा असेल तर रंग कितीही तपकिरी असो, तो मैद्याचाच ब्रेड. मैद्यात कोंडा नसतो, म्हणून दहा वाजताच पुन्हा भूक लागते. आणि लोणी-जॅमचा थर तुकड्यापेक्षा भारी होऊ देऊ नकोस.

आजीनं मला भाकर शिकवली ती आठवते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून आधणाचं पाणी घालायचं आणि तळहाताच्या टाचेनं पीठ परातीत रगडत राहायचं, कडा फुटेनाशा होईपर्यंत. मग उंडा थापायचा, परातीत तो फिरता ठेवायचा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकत आलं की उलटायची, आणि शेवटी चुलीच्या निखाऱ्यांना टेकवून उभी करायची. टम्म फुगली की आजी पापुद्रा बोटानं फोडायची, आतून वाफ निघायची. "पोरी, गरम हाय तवर खाय, अन् खाली बसून खाय," म्हणायची. 2023 साली आपला पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच वर्षी भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष पाळलं. जगानं ज्वारीला मान दिला तेव्हा मला आजीची परात आठवली. अशी एक भाकर मोबाईल बाजूला ठेवून, चावून चावून खा. वीस मिनिटं लागू दे. तुला दुसरी मागावीशी वाटणार नाही.

राहिली पुरणपोळी. आपल्याकडची पोळी पुरणानं गच्च भरलेली, तूप वाटीनं ओतायची रीत, ही सगळी ऊर्जा नांगर धरणाऱ्यासाठी होती. तरी सण वर्षातून एकदा येतो. तुझ्यासाठी मी लहान उंड्याच्या दोन करीन, तूप चमच्यानं वाढीन, सोबत कढी आणि भाजी. आग्रह करणार नाही, मामालाही करू देणार नाही. त्या दोन पोळ्या मन लावून खा, रात्री वरण-भाजीवर भागव, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तुझं ठरलेलं सुरू. खाल्लं म्हणून स्वतःला शिक्षा करायची नाही, उपास काढायचा नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची दगडफेक असते, जाम नदीकडे पाय ठेवायची सोय नसते, तेव्हा मुक्कामानंच ये. तिसऱ्या दिवशी पहाटे आपण दोघी संत्र्याच्या मळ्यापर्यंत चालत जाऊ. आणि येईपर्यंतचे हे पाच दिवस दुपारी एक भाकर खायला लाग, माझी शपथ आहे तुला.

तुझी,
मावशी