साडेचार सूत, पाच सूत

माझी सगळी नोकरी आयटीआयच्या कार्यशाळेत गेली. ठाणे जिल्ह्यात इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक होतो. आता निवृत्त आहे, भिवंडीतच राहतो आणि संध्याकाळी कामतघरच्या बाजूला मुलांना मोटर, वायरिंग आणि त्यासाठी लागणारं गणित शिकवतो. गावात दोन वाक्यं एका दमात ऐकू येतात. "शाळांत आता काही राहिलं नाही," हे एक, आणि "त्यापेक्षा पोराला काहीतरी टेक्निकल शिकवा," हे दुसरं. दोन्ही बोलणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण पहिली गोष्ट तशीच ठेवून दुसरी होत नाही, हे मी आयुष्यभर रोज पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. अपूर्णांक पान्यापाशी अडतो

एका यंत्रमाग कारखान्यात मोटरचे बोल्ट सैल झाले होते. माग जुना, सगळी मापं इंचातली. बरोबर दहावीला चांगले टक्के मिळवलेला मुलगा होता. त्याला म्हटलं, "नऊ सोळांशचा पाना लागत नाहीये, त्याच्या वरचा दे." पेटीत पाच अष्टमांश पडलेला होता. तो हातात घेऊन मुलगा थांबला. नऊपेक्षा पाच लहान, सोळापेक्षा आठ लहान, मग हा पाना मोठा कसा? वहीत समच्छेद करून त्याने हे उदाहरण दहा वेळा सोडवलं असेल, पण हातातल्या लोखंडाशी त्याचा काही संबंध आहे असं त्याला शाळेत कुणी दाखवलंच नव्हतं.

शेजारी कारखान्याचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, उभा होता. तिसरीत शाळा सुटलेली. त्याने न बघता पाना उचलून दिला. इंचाचे आठ सूत, म्हणजे नऊ सोळांश हा साडेचार सूत आणि पाच अष्टमांश हा पाच सूत. त्याच्यासाठी प्रश्नच नव्हता. पण याच जॉबरला नव्या रॅपियर मागाचं माहितीपुस्तक वाचता येत नाही. मशीनच्या पडद्यावर बिघाडाचा कोड आला की बाहेरून माणूस येईपर्यंत माग बंद. एकाकडे हाताचं ज्ञान आहे, दुसऱ्याकडे पुस्तकाची ओळख आहे, आणि दोघांचंही काम अडलेलं आहे.

२. टक्क्यांवरून दर्जा ओळखू नये

राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये भाषा विषयांचे शाळांतर्गत तोंडी गुण बंद झाले, तर निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ते गुण परत आले, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला, आणि निकाल ९५.३० टक्के झाला. या तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं काही आधी ढ आणि मग हुशार झाली नव्हती. मोजायची पट्टी बदलली होती.

पट्टीवरून आठवलं. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना लांबी मोजायला सांगितली होती. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांना ती मोजता आली. तीच वस्तू शून्य सोडून पुढे सरकवून ठेवली, तेव्हा ३९ टक्क्यांनाच जमली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांना येत होतं. पाहणी खेड्यांतली असली तरी आमच्या शहरात चित्र वेगळं आहे असं मला माझ्या वर्गातून तरी दिसत नाही. कार्यशाळेत वस्तू शून्यापासून कधीच सुरू होत नाही. टेपचं टोक झिजलेलं असतं, म्हणून जुना मिस्त्री एक इंच सोडून माप धरतो आणि शेवटी एक वजा करतो.

३. "डोकं चालत नाही" म्हणून मुलाला आयटीआयला पाठवू नका

दर वर्षी कुणीतरी आई मुलाला पुढे करून म्हणते, "सर, याचं अभ्यासात डोकं नाही. याच्या हाताला काहीतरी काम लावा." त्या माऊलीची काळजी मी जाणतो. पण विजेचं काम हातासारखंच डोक्याचंही आहे, आणि इथली चूक वहीत लाल रेघ मारून संपत नाही. तीन फेजपैकी एक गेला आणि मोटर दोन फेजवर ओढत राहिली, तर वाइंडिंग जळतं. का जळतं, ओव्हरलोड रिले किती अँपियरवर लावायचा, एका हॉर्सपॉवरचे ७४६ वॉट म्हणजे पूर्ण भाराने बारा तासांत किती युनिट होतील, कुठल्या भाराला किती जाडीची तार, हे सगळं गणित आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग उगाच ठेवलेलं नाही. फिटरच्या मुलाला सुरुवातीचे कितीतरी दिवस फक्त कानस मारायला लावतात, दर थोड्या वेळाने गुण्या लावून उजेडाकडे धरायला लावतात. पात्याखालून प्रकाशाची फट दिसली की पुन्हा कानस. ज्या मुलाला काटकोन म्हणजे काय हे मनातून कळलेलं नाही, तो दमून कंटाळतो आणि सोडून जातो. ज्याला कळलंय, त्याला त्या फटीचं वेड लागतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपण कारखानदार म्हणून घेतो. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवण्याच्या कितीतरी आधी हा माणूस मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवत होता. त्यांचं कागदावरचं काम आणि भट्टीपुढचं काम कधी वेगळं पडलं नाही.

४. भिवंडीचं गणित भिवंडीतच पडलेलं आहे

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे आपण डोळ्यांसमोरची शाळा वाया घालवतो आहोत.

सुताचा नंबर घ्या. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका काउंट. चाळीस नंबरचं एक पौंड सूत म्हणजे ३३,६०० वार, जवळपास तीस किलोमीटर धागा. नंबर वाढला की धागा बारीक. शेजारच्या कारखान्यात पॉलिस्टर चालतं, तिथे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तिथे आकडा वाढला की धागा जाड. आठवीच्या पुस्तकातलं व्यस्तचलन आणि समचलन एका गल्लीत, एका भिंतीच्या दोन बाजूंना खडखडत असतं. आणि त्याच गल्लीतली मुलं शाळेत मजूर आणि दिवसांची उदाहरणं पाठ करतात.

आता कापड घ्या. साधा माग मिनिटाला दीडशे पीक, म्हणजे आडवे धागे, टाकतो असं धरा. तासाला ९,००० पीक. कापडात इंचाला ६० पीक असतील तर तासाला १५० इंच कापड, बारा तासांच्या पाळीत १,८०० इंच, म्हणजे बरोबर ५० वार. हे माग एकदाही न थांबता. धागा तुटणं, कांडी संपणं यात जो वेळ जातो तो वेगळा. उद्या सेठने तेच कापड ७२ पिकाचं करायला सांगितलं, तर तासाला १२५ इंच पडेल. पाळीत एक षष्ठांश कापड कमी. कारीगराला मजुरी कापडाच्या लांबीवर मिळते. दर तोच राहिला तर त्याच्या पगारातूनही एक षष्ठांश गेला. हा हिशोब मेहताजीला, म्हणजे कारखान्याच्या मुनिमाला, येतो. बारा तास मागापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा येत नाही, त्याला महिनाअखेरीला फक्त हातात कमी पडल्याचं कळतं.

माझ्याकडे एका कारीगराची मुलगी येत होती, बापाच्या हिशोबाची वही घेऊन. हीच आकडेमोड तिने आधी फळ्यावर केली आणि मग वहीत. ताके, पीक, दर, उचल, सगळं तिने ओळीत मांडलं. तिचा बाप दुसऱ्या दिवशी मेहताजीकडे ती वही घेऊन गेला आणि पीक बदलल्यावर दर का बदलला नाही, असं विचारलं. दर थोडा वाढवून मिळाला. गणिताचा याहून मोठा निकाल मी पाहिलेला नाही.

५. गोडाऊनचा पहिला पगार

मानकोली, काल्हेर, पूर्णा, वळ, राहनाळ, तिकडे पडघ्यापर्यंत गोदामांचं दुसरं शहर उभं राहिलं आहे. अठराव्या वर्षी मुलगा तिथे लागतो, स्कॅनर हातात घेतो, पगार सुरू होतो. घरात भाडं थकलेलं असताना त्या पगाराला नको म्हणा, असं मी कुठल्याही आईबापाला सांगत नाही. मुलाला मात्र एक विचारतो: त्या गोदामात पट्टा बंद पडला, फोर्कलिफ्ट अडली, पॅनल ट्रिप झालं, की कुणाला बोलावतात? खोकी उचलणाऱ्याच्या जागी उद्या दुसरा मिळतो. पॅनल उघडणाऱ्यासाठी गोदाम थांबतं. काही मुलं हे ऐकून संध्याकाळी येऊ लागली. बारा तासांची पाळी असलेली टिकली नाहीत, आणि त्यांना मी दोष देत नाही.

६. आधी वाचन

माझ्या वर्गात मराठी शाळेतली, उर्दू शाळेतली, पद्मानगरच्या तेलुगू घरांतली मुलं एकत्र बसतात. बोलणं भिवंडीच्या हिंदीत. धोक्याची पाटी इंग्रजीत. म्हणून मी रोज एका मुलाला मोटरवरची नावपट्टी मोठ्याने वाचायला लावतो, व्होल्ट, अँपियर, फेरे, सगळं, आणि प्रत्येक आकडा कशाचा हे स्वतःच्या भाषेत सांगायला लावतो. जो सांगू शकत नाही त्याच्या हातात टेस्टर देत नाही.

७. हात आणि पुस्तक एकत्र जमतं, महाराष्ट्रातच जमलं आहे

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशोबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडेही मागितले होते. लिहिणं आणि कसणं त्यांनी एकाच यादीत घातलं. शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, स्वयंपाक आणि आरोग्य. शिकवायला गावातलेच कारागीर येतात. काम गावाच्या उपयोगाचं असतं आणि त्याचा खर्च काढणं हाही अभ्यास असतो. बाक वेल्ड करायचा तर लोखंड किती लागेल हे आधी काढावं लागतं. तिथे अपूर्णांक चुकला तर पाइप कमी पडतो आणि मुलाला शिक्षकाआधी पाइपच सांगतो.

पाबळला कारागीर शोधावे लागले असतील. भिवंडीत तर गल्लीगल्लीत मोटर रिवाइंडिंगवाला, सुतार, जॉबर, फॅब्रिकेटर बसलेला आहे. गणिताच्या बाईंनी आठवड्यातून एक तास मुलांना घेऊन त्याच्या दुकानापुढे उभं राहावं, आणि महापालिकेने त्याला त्या तासाचे पैसे द्यावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही.

८. शिडी दाखवा

"आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं," ही समजूत अजून घट्ट आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे, आणि डिप्लोमावाल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात शिकताना विद्यावेतन मिळतं. आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखीव असतात. हे नववीतच घरी बसून सांगायला हवं. दहावीच्या निकालाच्या दिवशी सांगून उपयोग नसतो, तोवर कुणा काकाने गोडाऊनमध्ये शब्द टाकलेला असतो.

९. माझ्याकडे येताना

पहिल्या दिवशी मी मुलाला टेप देतो. स्वतःच्या घराची खोली मोजून आण, कागदावर प्रमाणात काढ, दिवे आणि पंखा कुठे ते दाखव, आणि तार किती मीटर लागेल ते लिही. एवढंच. काहीजणांना दोन दिवस लागतात, काहींना महिना. बाप बरोबर बसला तर लवकर होतं, मग त्याला लिहिता येत असो वा नसो. फी नाही. फक्त येताना पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं आणा, जुनी, फाटकी, कुठल्याही माध्यमाची चालतील. मोटर आम्ही दुसऱ्या आठवड्यात उघडतो.