मेलेली कोंबडी टाकू नका, दाखवा

शिमगा आटोपला की दवाखान्याच्या पायरीवर रोज कुणीतरी तेच गाऱ्हाणं घेऊन बसलेलं असतं. "डॉक्टर, सांजेला चांगली टिपत होती, सकाळी खुराडं उघडलं तर आडवी." मी विचारतो, कोंबडी आणलीत का? नाही. कुणी ती व्हाळात टाकलेली असते, कुणाची कुत्र्यांनी ओढून नेलेली असते. आणि कुणी, हे सांगताना मान खाली जाते, "अजून गरम होती म्हणून" कापून शिजवलेली असते. आता रोग कोणता ते मी कशावरून सांगू?

यंदाही वाड्यावाड्यांतून मर लागल्याच्या खबरा येत आहेत. बहुतेक ठिकाणी संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा आहे. कोंबडी चोच उघडी टाकून श्वास घेते, हिरवट-पांढरी पातळ हगते, पंख सांडून कोपऱ्यात बसते. जी दोन-चार दिवस तग धरते, तिची मान पिळवटते. अशी कोंबडी जवळून बघा. तांदळाचा दाणा समोर पडलेला असतो, ती नेमकी त्याच्याकडे वळते, पण चोच दोन बोटं बाजूला पडते. पुन्हा मारते, पुन्हा चुकते. दाणा दिसत असून ती उपाशी राहते.

हा रोग अंगात शिरल्यापासून दिसायला साधारण ५-६ दिवस लागतात, कधी १५ दिवसही. शिमग्यात घरोघर पाहुणे, चाकरमानी. कुणाला राखणीचा कोंबडा हवा, कुणाला रश्शासाठी गावठी. आठवडी बाजारातून आणलेला कोंबडा दोन रात्री घरच्या खुराड्यात कोंडला जातो आणि तिथेच घात होतो. राखण जरूर द्या. पण आणलेला पक्षी वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवा. पाळायला आणला असेल तर निदान १५ ते २१ दिवस घरच्या कोंबड्यांत सोडू नका. तो धडधाकट दिसतो, हे मला सांगू नका. बाजारात विकायला ठेवलेला प्रत्येक पक्षी धडधाकटच दिसतो.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट बोलतो. हळद-लसणाच्या गोळ्या, कांद्याचा रस, चोचीत दारूचे थेंब, मेडिकलमधून आणलेली माणसांची कॅप्सूल फोडून भातात कालवणं, यांतलं काहीही मानमोडीवर चालत नाही. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. कॅप्सूलचे पैसे जातात, औषधाचा अंश अंड्यातून पोराबाळांच्या पोटात जातो आणि मुख्य म्हणजे चार दिवस जातात. तेवढ्यात शेजारच्या तीन घरांची खुराडी रिकामी झालेली असतात.

पण प्रत्येक मेलेली कोंबडी मानमोडीचीच नसते. एका वाडीत एका घरच्या तीन कोंबड्या एकाच सकाळी मेल्या. साथ आली म्हणून वाडीत हाकाटी झाली आणि दुपारपर्यंत लोक धडधाकट तलंगा मिळेल त्या भावाला व्यापाऱ्याला द्यायला लागले. त्या घरच्या मावशींनी तिन्ही कोंबड्या टोपलीखाली झाकून ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. मी एक मागच्या अंगणात उघड्यावर कापली. जठराच्या आत मानमोडीत दिसतात तसे टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके नव्हते. गळ्याची पिशवी उघडली तर लसणासारखा भपकारा आला आणि आत काळे पडलेले भाताचे दाणे. दिराने माळ्यावर उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड कालवून ठेवलं होतं, त्यातलं खाली सांडलं होतं. वाडीत साथ नव्हतीच. त्या तीन कोंबड्या कालवणात गेल्या असत्या तर काय झालं असतं, ते मावशींना माझ्याआधी कळलं. त्या तिथेच खाली बसल्या.

एखादीच मेली आणि बाकीच्या नीट टिपत असतील तर अंडं अडकलं होतं का, भर दुपारी पत्र्याच्या खुराड्यात कोंडली होती का, हेही पाहावं लागतं. मात्र दोन दिवसांत दोन कोंबड्या गेल्या तर वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा.

तुरा-गलोल निळे-काळे, डोकं सुजलेलं, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळलेलं आणि एकामागून एक पटापट मरत असतील तर हातही लावू नका. बर्ड फ्लू आपल्या देशात पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये, आपल्याच राज्यात, नवापूरला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो कोंबड्यांत निघाला. अशा संशयात आम्हीही पक्षी जागेवर कापत नाही; नमुने बंदोबस्तात भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. कळवलं तर सगळ्या कोंबड्या मारतील, या भीतीने लोक गप्प बसतात. पण साध्या मानमोडीत तसं काही होत नाही. आणि लपवलेली साथ वाडी ओलांडून जाते. २००९ च्या कायद्याने हे दोन्ही रोग कळवणं मालकाला बंधनकारक आहे.

मानमोडीच्या लसीचं वेळापत्रक इथे लिहीत नाही. अडचण वेगळी असते. एका कुपीत १०० मात्रा, एका घरी कोंबड्या सहा; आणि कालवलेली लस तास-दोन तासांत वापरून संपवायची असते. म्हणून वाडीतल्या बायकांनी दिवस ठरवावा, पहाटे खुराडी उघडण्याआधी सगळ्यांनी मिळून टोचून घ्यावं. आजारी कोंबडीला लस देऊन ती वाचत नाही. पलीकडच्या वाडीतल्या निरोगी कोंबड्या मात्र वाचतात.

मेलेली कोंबडी उचलताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, तोंडाला रुमाल बांधा, नंतर साबणाने हात धुवा. मानमोडीने माणसाचेही डोळे येतात. कोंबडी दोन पिशव्यांत घट्ट बांधून, भोवती बर्फ घालून त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. वाटेत बाजार घेऊ नका. जमत नसेल, किंवा बर्ड फ्लूचा संशय असेल, तर कोंबडी आहे तिथे टोपलीखाली झाका आणि १९६२ वर फोन करा. तपासणी झाल्यावर विहीर-व्हाळापासून लांब, तीन फूट खड्ड्यात, वर-खाली चुना टाकून पुरा. दवाखान्यात कोंबडी देताना सोबत एक चिठ्ठी द्या: कधी मेली, घरी आणखी किती आहेत, काल काय खाल्लं होतं आणि गेल्या १५ दिवसांत बाहेरून कुठला पक्षी घरात आला होता का.